सहाव्या दिवशी दुप्पट

चि. हाल्वर यास,

थोरल्या भावाचे मनःपूर्वक आशीर्वाद. प्रभूच्या दयेने मी उभा आहे. डुलुथच्या थंडीत तुझा गुडघा कसा आहे आणि कर्स्टन बरी आहे ना, हे कळव.

आमच्या नॉर्थ डकोटाच्या विधानसभेत एक विधेयक आले आहे. रोग्याची सारी औषधे महिन्यातून एकाच तारखेला मिळावीत. म्हणजे गोळ्या चुकणार नाहीत, माणसे इस्पितळात पडणार नाहीत आणि राज्याचा खर्च वाचेल. (माझ्या सहा औषधांच्या सहा तारखा, औषधांचे दुकान चाळीस मैलांवर, आणि वाटेत बर्फ.) बाजूने साक्ष द्यायला मला राजधानीत, बिस्मार्कला बोलावले. समितीची अध्यक्ष लोरेना रोथ, घरची गव्हाची शेतकरी. लहानपणी चर्चमधल्या रविवारच्या शाळेत ती माझ्याकडे बायबल शिकायला बसे. मी काळा कोट चढवून नियमितपणाच्या सद्गुणावर अकरा मिनिटे बोललो, आणि तेथेच थांबायला हवे होते. लोरेनाने विचारले की, आपण स्वतः गोळ्या कशा घेता? साक्षीदाराने खोटे बोलू नये, म्हणून सांगितले : रविवार विसाव्याचा, त्या दिवशी काही नाही, शनिवारी दुप्पट. अरण्यात इस्राएलांना आकाशातून पडणारे अन्न, म्हणजे मान्ना, सातव्या दिवसाच्या विसाव्यासाठी सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, हाच आधार. (शनिवारी मला गरगरे, ती मी प्रवचनाच्या चिंतनाची तंद्री समजत होतो.)

लोरेना चष्मा काढून म्हणाली, "पास्टरसाहेब, तुम्हीच शिकवलंत मला. त्यांनी दुप्पट गोळा केलं. दुप्पट खाल्लं नाही."

चाळीस वर्षे व्यासपीठावर काढून हे मला एका गहू पिकवणाऱ्या बाईकडून ऐकावे लागले. विरोध करायला आलेल्या विमा कंपनीच्या गृहस्थाने कागद मिटले आणि म्हटले की, निदान या एका माणसासाठी तरी कायदा हवा. विधेयक समितीत एकमताने संमत झाले.

दुर्दैवाने हे कामकाज हल्ली फोनवर दिसते. दुसऱ्या दिवशी मारेन फार्गोहून हजर. म्हणाली, "बाबा, वर जायची इतकी घाई असेल तर मुलीला आधी कळवावं." तिने वृद्धाश्रमात खोली पाहून ठेवली आहे. इस्टरपर्यंत एकही दिवस गोळ्या चुकल्या, तर या घराची किल्ली तिच्याकडे जाईल. खिडकीतून चर्च दिसते, त्यामागे तुझ्या वहिनीची, इंगाची कबर. फार्गोच्या खोलीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसते. बाकी क्षेम.

तुझा दादा,
टॉर्लाइफ

ता. क. रोज सकाळी सातला कुणीतरी फोन करून मला गोळ्या गिळताना ऐकावे, अशी मारेनची अट आहे. तू पहाटेच उठतोस. रविवारीही कर.

ता. क. २ तू सोमवारपासूनच फोन करतो आहेस, असे मी तिला सांगून बसलो आहे. याला असत्य म्हणू नकोस. संदेष्टेही पुढे घडायचे ते घडून गेल्यासारखेच सांगत. मात्र त्यांचे खरे ठरे, तेव्हा पत्र पोचताच फोन लाव.