खुर्चीत बसून खेळणारा माणूस

अरे,

तू झोपला आहेस म्हणून लिहून ठेवते. तोंडावर बोलले असते तर आवाज चढला असता आणि छोटी उठली असती.

काल संध्याकाळी तिच्या हातात तुझी टेबल टेनिसची बॅट आली. तर बाईसाहेब गुडघे वाकवून खेकड्यासारख्या डावीउजवीकडे उड्या मारायला लागल्या! मी तुझ्याकडे पाहिलं, तू छताकडे. ऑपरेशननंतर तू म्हणे खुर्चीत बसून भिंतीवर नुसता मनगटाचा सराव करतोस. मग पोर हे शिकली कुणाकडून? आईंना विचारण्यात अर्थ नाही, त्या तुझ्याच बाजूच्या.

फिजिओथेरपिस्टनी बसून खेळायला सांगितलंय, तेही तू त्यांचं डोकं खाल्लंस म्हणून. गुडघा पुन्हा बिघडला तर टीममधली जागा राहू दे बाजूला. छोटी रोज ‘उचलून घे’ म्हणून हात वर करून तुझ्यासमोर उभी राहते आणि मी तिला उचलून बाजूला नेते. अजून किती दिवस नेऊ?

दोन्ही बॅट ऑफिसला घेऊन चालले आहे. शोधायला स्टुलावर चढू नकोस. पाय सरळ ठेवून मांडीचे व्यायाम कर, मग बर्फ लाव.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला तू खुर्चीत, दुसऱ्या बाजूला मी. मला खेळता येत नाही, चेंडू कुठेही जाईल. तरी उठायचं नाही. चेंडू मी आणि छोटी आणून देऊ.