पाचवी भाकर

प्रिय दादा,

तुझं पत्र आठ दिवसांपासून खिशात घेऊन फिरून राह्यलो. उत्तर लिहायले धीर होत नव्हता. सध्या पिंपळगाव राजाच्या पुढं, खडी फोडायच्या दुष्काळी कामावर आहे. फोडत नाही, माणसं मोजतो. जालन्याकडून गाव सोडून आलेल्या लोकांची पाहणी चालू आहे. सातवी शिकलेला चालतो म्हणाले, अन् मी तिथं उभाच होतो.

मोजणं सोपं वाटते ना तुले? दर दहावी झोपडी गाठायची. पण सावलीपायी लोक पालं हलवतात. काल दहावं होतं ते आज चौदावं. कागद दिसला का गडी नाल्यात पळतात, नसबंदीवाले आले म्हणून. एका म्हाताऱ्यानं मलेच विचारलं, "तुझी झाली का रं?" इथं एक कुत्रं आहे, थेट आपल्या मोत्यासारखं, एक कान पडका... जाऊ दे.

तर मनकर्णाबाई. पालात ती, सासू अन् दोन पोरं. नवरा काम पाहायले गेला तो दोन महिने पत्ता नाही. तिनं माणसं पाच सांगितली. आमचा नियम असा का पंधरा दिवसांत त्या चुलीवर जेवला तोच घरचा. मी म्हटलं, मावशी, तो जेवला कुठं? तर म्हणे, "त्याची भाकर रोज थापते की! तो आला न्हाई, त्यात भाकरीचा काय दोष? यादीत नाव नसलं तर आल्यावर मुकादम त्याला कामाला लावील का?"

मी पाच लिहिले. साहेबानं पकडलं. उद्या सकाळी साहेब पुन्हा येणार. तोवर मनकर्णाबाईच्या नवऱ्याचं नाव कापायचं, नाहीतर माझंच कापतील. सकाळपासून कागद मांडीवर आहे. आजवर कितीक कामं हसत सोडली. याच कामात जीव काऊन अडकला, समजत नाही. पण नाव कापणं माझ्यानं होत नाही. साहेबाले तसंच सांगीन.

तू लिहिलंस, "दीड वर्ष तू घरी नाहीस, रेशन कार्डावरून तुझं नाव कमी करून टाकतो." नियमानं बरोबर आहे तुझं. फक्त एक कर. मायले काही विचारू नको. विचारलं का माणूस वेगळंच सांगते, एवढं मी इथं शिकलो. दोन दिवस चुलीपाशी नुसता बस अन् भाकरी मोज. एक जास्त निघाली, तर नाव राहू दे. मग मी घरी, वरवटले येतो.

तुझाच, अजून तरी कार्डावरचा,
निवृत्ती