बहात्तर तासांचा जप

४ मार्च, सोमवार. सकाळी ११.
जुन्या हिशेबाच्या वहीत मागची चौतीस पानं कोरी निघाली. फाडून टाकायला जिवावर आलं, म्हणून आजपासून रोजनिशी.

काल वन्सं येऊन गेल्या. सासूबाईंच्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना आवाज नाही, पाटीवर लिहून बोलतात. (पूर्वीपेक्षा कमी बोलतात असं नाही.) ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात वन्संनी त्यांच्याकडून लहानपणच्या अकरा गोष्टी सांगून घेऊन फोनमध्ये भरल्या होत्या. आता फोन गच्च झालाय, मोठं कार्ड घ्यायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, आमचा कॉम्प्युटर अर्धा रिकामा पडलाय, पैसे कशाला घालवता? मग अकराही गोष्टी इकडे आणल्या आणि फोनमधून पुसल्या. वन्सं दोनदा म्हणाल्या, वहिनी, सांभाळाल ना, आईचा आवाज आता एवढाच उरलाय. म्हटलं, माझ्या हाती दिलंत म्हणजे तिजोरीत ठेवलंत. सतरा तारखेला त्या लेकीला घेऊन ऐकायला येणार आहेत.

सासूबाईंनी पाटीवर लिहिलं, "हिच्याकडे?" मी वाचलंच नाही.

५ मार्च, मंगळवार.
ह्यांनी सकाळी चहाबरोबर सुरुवात केली. म्हणे व्हायरस येतात, आता तरी अँटिव्हायरस विकत आण. गेल्या खेपेची आठवण काढली. गेल्या खेपेला दर पाच मिनिटांनी बुटांची जाहिरात उघडायची आणि शेवटी दुरुस्तीवाल्यानं सगळं पुसून दिलं होतं. तो व्हायरस आमच्या जावयांच्या पेन ड्राइव्हमधून आला. मला खात्री आहे, पण जावयांना कोण बोलणार?

विकतचा वर्षाला केवढ्याला पडतो ते बघितलं आणि बसले. फुकटचे तीन निघाले. तिन्ही घेतले. लोक एक राखणदार ठेवतात, आपण तीन. तेही बिनपगारी.

संध्याकाळी जुन्या उशीच्या अभ्र्याचं कॉम्प्युटरला झाकण शिवलं. धूळ नाही तर रोग नाही.

७ मार्च, गुरुवार.
दुरुस्तीवाल्याला फोन केला. (फोनवर विचारायला तो पैसे घेत नाही.) पोक्त माणूस आहे, पण सुस्कारे फार टाकतो. म्हणाला, बाई, कॉपी काढा पेन ड्राइव्हवर, आणि पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. कॉपी काढली. कपाटात मात्र नाही ठेवली. एवढीशी वस्तू, कपाटात गेली की गेली. कॉम्प्युटरलाच लावून ठेवली आहे. दोन्ही एकाच जागी, डोळ्यांसमोर. दुरुस्तीवाल्यांना संसार कुठे करावा लागतो?

९ मार्च, शनिवार.
सासूबाईंनी लिहिलं, "एक गोष्ट लाव." नाही म्हटलं. अशी रोज लावली तर सतरापर्यंत झिजायची. मी स्वतःसुद्धा एकही ऐकलेली नाही. पुरवून वापरायला हवं. त्यांनी लिहिलं, "आवाज माझा आहे." मग पुसून टाकलं.

दुपारी देवाची कृपा झाली. जप मोजणारा एक प्रोग्राम मिळाला, अगदी फुकट. एक बटण दाबलं की एक आकडा पुढे जातो आणि घंटा वाजते. हातातली माळ ओढताना माझी मोजणी नेहमी भाजीवाल्याच्या हाकेला चुकते. घेताना एक राखणदार ओरडला, हे धोक्याचं आहे म्हणून. देवाच्या नावाच्या वस्तूत कसला आलाय धोका! "तरीही घ्या" दाबलं.

११ मार्च, सोमवार.
राखणदारांचं आपसात पटत नाही. पहिला म्हणतो दुसरा चोर, दुसरा म्हणतो तिसरा चोर, आणि कॉम्प्युटर मधल्यामध्ये म्हाताऱ्या बैलासारखा धापा टाकतो. ऐन जपात खिडक्या उघडतात. तिघांनाही जपापुरतं बंद केलं.

१२ मार्च, मंगळवार.
काल तिघांना पुन्हा चालू करायचं राहिलं. आज करते.

१३ मार्च, बुधवार.
पाठ धरली आहे. उद्या.

१४ मार्च, गुरुवार. सकाळी ११.
राखणदारांनी बंद असूनसुद्धा काम चोख केलं म्हणायचं. अभ्रा काढला तर सबंध पडदा लाल, मधोमध मोठं कुलूप. इंग्रजी मजकूर लांबलचक आहे. मॅट्रिकला इंग्रजीत मी छत्तीस गुणांनी पास झाले होते, त्यामुळे मुद्द्याचं कळलं. तुमच्या सगळ्या फाइल्सना कुलूप लावलं आहे. काळजी करू नका. फाइल्स परत मिळतील. खाली ईमेलचा पत्ता आहे आणि काही रकमेचा उल्लेख आहे. देणगी असावी. धर्माचं काम करणाऱ्यांनाही खर्च असतातच. ऐच्छिक दिसते, म्हणून दिली नाही.

कोपऱ्यात एक उलटं घड्याळ सुरू आहे, बहात्तर तासांचं. जपाच्या प्रोग्रामनं अनुष्ठान लावून दिलेलं दिसतं. पूर्ण होईल बरोबर रविवारी अकराला, आणि बाराला वन्सं येणार! असा योग पंचांग बघूनही जुळत नाही.

ह्यांना सांगितलं नाही. हे लगेच दुरुस्तीवाल्याला बोलावतील, आणि तो घरी आला की पैसे घेतो.

१५ मार्च, शुक्रवार.
सकाळी चार माळा, दुपारी चार, संध्याकाळी तीन. सासूबाईंनी लाल पडदा पाहिला आणि लिहिलं, "हे काय?" सांगितलं, तुमच्या गोष्टी कुलपात आहेत. त्यांनी लिहिलं, "किल्ली कुणाकडे?" हल्ली त्या फार संशयी झाल्या आहेत.

१६ मार्च, शनिवार.
गुडघे धरले. डोळ्यांपुढे लाल दिसतंय. पण अनुष्ठान अर्ध्यात सोडायचं नसतं. हे म्हणाले, आज जप फार चाललाय, काही झालंय का? म्हटलं, चांगलंच होणार आहे.

१७ मार्च, रविवार. सकाळी १०.५५.
पाच मिनिटं उरली. हात जोडून बसले आहे. सासूबाईही खुर्ची ओढून शेजारी बसल्या आहेत. मी बोलावलं नव्हतं.

त्याच दिवशी, दुपारी ४.
घड्याळ शून्यावर आलं. घंटा वाजली नाही. मजकूर बदलला, त्यात आता "काळजी करू नका" नव्हतं.

वन्सं आल्या, लेक आली. ह्यांनी पडदा बघितला आणि दुरुस्तीवाल्याला फोन लावला. दुरुस्तीवाला आला. या खेपेला त्यानं सुस्कारासुद्धा टाकला नाही. म्हणाला, बाई, ही खंडणी होती आणि ते घड्याळ म्हणजे मुदत. म्हटलं, गुरुवारी कळवलं असतं तर? म्हणाला, तरी खात्री नव्हती, पैसे भरूनही नसते मिळाले कदाचित. पण पेन ड्राइव्ह तरी आधीपासून कपाटात हवा होता. पेन ड्राइव्ह उघडून बघितला. त्यालाही कुलूप. दोन्ही एकाच जागी, डोळ्यांसमोर. व्हायरस कुठून आला विचारलं. मी जावई म्हणणार होते. त्यानं जपाच्या प्रोग्रामवर बोट ठेवलं.

वन्सं लेकीला घेऊन उठल्या. चहा न घेता गेल्या. त्या कधीच चहा न घेता जात नाहीत.

१८ मार्च, सोमवार.
सासूबाईंची पाटी दिवसभर कोरी.

२० मार्च, बुधवार.
विकतचा अँटिव्हायरस आणला. आता त्यानं राखायचं काय, ते ठाऊक नाही. माळ हातात धरते, पण लाल पडदा आठवतो.

सासूबाईंना म्हटलं, चुकलं माझं. त्यांनी पाटी उलटी ठेवली.

२४ मार्च, रविवार. सकाळी १०.
वन्सं आल्या. आल्या आल्या म्हणाल्या, फोन साफ करताना एक तुकडा सापडला. गोष्टी सांगायच्या आधी फोन आवाज पकडतो का बघायला नुसताच भरला होता, तो पुसायचा राहून गेला. बावीस सेकंदांचा आहे. मी आत जायला उठले, तर म्हणाल्या, वहिनी, बसा.

सासूबाईंचा आवाज. अगदी खणखणीत. "झालं का गं सुरू? बोलू? ती आहे का इथं? नाही ना? बरं. तिला वाटतं, तिला सगळं येतं. वाटू दे. उगीच हसू नका तिला. माझं औषध एक दिवस चुकवलं नाही तिनं. हं, आता ते बटण दाब, गोष्ट सांगते."

सासूबाईंनी लिहिलं, "परत."

चार वेळा लावलं. चौथ्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाटी पुसली आणि लिहिलं, "तुला ऐकवायचं नव्हतं."

म्हटलं, मला कुठे नीट ऐकू आलं?

मग वन्संनी पाचव्यांदा लावलं.