उसनं नाक

९ फेब्रुवारी, रविवार

गेलं. माझं नाक गेलं!

ताप कधीच उतरला, खोकला गेला, पण वास परत यायचं नाव नाही. आज फोडणीतला हिंग जळून कोळसा झाला, तर भिंतीपलीकडून जाऊबाई ओरडल्या, "मड्डम, काय जाळायलीस गं?" – तेव्हा कळलं. मी कढईपाशीच उभी होते!

साऱ्या नोकरीभर या नाकावर पगार घेतला मी. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ज्वारीची बिस्किटं असोत की सोयाबीनचं दूध, शेवटचा शब्द माझा. "मॅडम, जरा वास घेऊन सांगा." आणि आता?

संध्याकाळी बारा वर्षांची ती धुरकट बाटली काढली. एरवी बूच निघालं की व्हरांड्यापर्यंत कळायचं. आज काही नाही. जिभेवर नुसता जाळ. तशीच परत बाटलीत ओतली. रडले नाही. संतापले.

१२ फेब्रुवारी

नाकाचा डॉक्टर. वय विचारलं आणि पुढचं काही विचारलंच नाही. "आजी, या वयात असं व्हायचंच."

वय म्हणे! व्हिस्कीचं वय वाढलं की किंमत चढते. बाईचं वाढलं की तपासणीसुद्धा अर्धी होते.

जाता जाता एक कामाचं बोलला खरा. रोज चार ओळखीचे वास घ्या, डोळे मिटून, तो वास आठवत. नाक पुन्हा शिकतं कधीकधी. "कधीकधी" यावर फार जोर होता.

१३ फेब्रुवारी

लवंग, लिंबू, मेथी, कॉफी. काही नाही.

२ मार्च, रविवार

काही नाही. कॉफीपाशी नाकाच्या टोकाला गुदगुली झाल्यासारखं वाटलं. माशी होती.

१६ मार्च, रविवार

वैभव आला होता. जाऊबाईंचा मुलगा. सिमेंटची एजन्सी, गळ्यात साखळी. कपाटातल्या तिन्ही बाटल्या त्याला पाठ आहेत – धुरकट बारा वर्षांची, शेरीच्या पिंपातली अठरा वर्षांची, आणि निवृत्तीला माझ्या लेकीनं, ईश्वरीनं, लीड्सहून आणलेली पंचवीस वर्षांची. ती अजून उघडलेली नाही. हे असते तर त्याच दिवशी उघडली असती. येलदरीच्या वीजघरात होते तेव्हा दर शनिवारी आम्ही दोघं एकेक लहान पेग घेऊन बसायचो. त्यांना चढायची, मला कळायची.

"काकू, ही ठेवून ठेवून आता तीस वर्षांची झाली असंल ना?"

"बाटलीत वय वाढत नाही रे. लाकडी पिंपात वाढतं. बाटलीत शिरली की वय थांबतं – तुझ्या अकलेसारखं."

हसला. निर्लज्ज! मग म्हणे, "तसंबी तुला वास येत न्हाई. गटारीला आमाला दे. येलदरीला मित्राच्या शेतावर बेत आहे."

पंचवीस वर्षं ओकच्या पिंपात झोपलेली व्हिस्की. सोडा टाकून. मटणाबरोबर. गटारीला!

मी म्हणाले, "गटारीपर्यंत माझं नाक आलं नाही तर घेऊन जा. आलं तर पुन्हा नाव काढायचं नाही."

का म्हणाले? जीभ. नाक गेलं, ही मात्र जागेवर आहे.

२० मार्च

सगळ्या आळीला कळलं. अक्का, म्हणजे जाऊबाई, स्वतः पायऱ्या चढून आल्या. घराची वाटणी झाल्यापासून त्या सणाशिवाय या बाजूला आलेल्या नाहीत. त्यांच्या लेखी मी कॉन्व्हेंटची मड्डम, चारचौघांत इंग्रजी बोलणारी, दारूचा परवाना काढून ठेवलेली. माझ्या लेखी त्या शांतम्मा – कपाळभर विभूती आणि जिभेवर मिरची.

"पोराला दारू द्यायची बोली केलीस म्हनं?"

"मागितली त्यानं. मी फक्त अट घातली."

"मंग नाक आण की लवकर! इथं बसून काय करायलीस?"

मी लवंग, लिंबू दाखवलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं. वास आठवत घ्यायचा, पण मला आठवून द्यायलाच कुणी लागतं. समोरून कुणी वास सांगत गेलं, तर डोक्याला धागा मिळेल.

अक्का म्हणाल्या, "मी सांगते. लवंग मला कळती."

"मला लवंगेचं काय करायचंय अक्का? मला व्हिस्कीचं नाक पाहिजे."

यावर त्या उठून जातील असं वाटलं होतं.

२३ मार्च, रविवार

बसल्या!

आधी अटी. सोमवारी नाही. एकादशीला नाही. श्रावणात तर वासालाही नाही. आणि ओठाला थेंब नाही. "वास घेतल्यानं काई बाटत न्हाई. रस्त्यानं जाताना गटाराचाबी येतो." गळ्यातल्या लिंगावर पदर ओढून घेतला. ग्लासही पदरातच धरला.

पहिल्या झटक्याला तपकिरीसारखा ओढला. ठसका! डोळ्यांत पाणी. "मेले गं बाई!" मी शिकवलं – ग्लास हनुवटीपाशी, तोंड किंचित उघडं, हळू. दोन थेंब पाणी टाकलं. बर्फ नाही. बर्फानं वास गोठतो.

दुसऱ्यांदा डोळे मिटून बसल्या. बराच वेळ.

"वली घोंगडी. धुनीजवळ वाळत घातलेली."

मी हातातलं झाकण टेबलावर ठेवलं. लीड्सहून येणारी पुस्तकं हेच पानभर सांगतात, पण इतकं नेमकं नाही.

६ एप्रिल, रविवार

आज अठरा वर्षांची. अक्का: "गुऱ्हाळ. काहिलीच्या बाजूला लागलेला गूळ. मागून मनुका... न्हाई, मनुका न्हाई. खारीक, दुधातली."

मी ग्लास नाकाशी धरून तेच आठवत होते. काही आलं नाही. पण वालूरच्या मामांकडचं गुऱ्हाळ मात्र आठवलं, पाटाच्या कडेचं. कितीतरी वर्षांनी.

ग्लासातलं उरलेलं अक्का मोरीत ओततात, विसळून आणतात. "तू बस, मड्डम. तुझं नाक धड न्हाई, ग्लास काय धड धुणार?"

३० एप्रिल

बसवजयंती. अक्कांनी पुरणपोळी पाठवली. गोड लागली एवढंच कळलं. निरोप धाडला – वास सांगा. उलट निरोप आला: "विलायची जास्त झालीय. सुनेनं केली."

१८ मे, रविवार

ऊन असं की बाटलीचं बूच कोरडं पडतंय. स्कॉटलंडात पिंपातली थोडी दरवर्षी उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. परभणीत पिंप ठेवलं तर देवदूत पिंपासकट उचलून नेतील.

अक्कांना हे सांगितलं. इतक्या हसल्या की वासाची शिकवणी थांबली. थोरल्या दिरांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, गोष्टी सांगत बसल्या. विरूपाक्ष भावजी अक्कांपासून चोरून विडी ओढायचे आणि वर बडीशेप खायचे. "मला का कळत न्हवतं? कळलं म्हनून सांगायचंच असतं का?"

आम्ही दोघी एकमेकींशी भांडण सोडून काही बोललो, याला किती वर्षं झाली असतील!

८ जून, रविवार

आज क्षणभर – अगदी क्षणभर! – लिंबू. सालीचा कडवट वास. मग गेला. पुन्हा पुन्हा घेतला, नाही. पण आला होता. माशी नव्हती.

अक्का म्हणाल्या, "यायलाय. वाट बघ. जावई पयल्या दिवशी उंबऱ्यावरूनच परत जातो."

२९ जून

वैभवचा फोन. "काकू, नाक काय म्हणतंय?" मागे मित्र खिदळत होते. ठेवून दिला.

१३ जुलै, रविवार

काही नाही. लिंबूही नाही. कॉफीही नाही.

चिडून अक्कांना म्हणाले, जाऊ दे ती बाटली. मला न कळणारी पंचवीस वर्षं काय कामाची? अक्का ताडकन उठल्या. "त्या गाढवाच्या सोड्यात घालणार? मी सांगायलेय न्हवं तुला सगळं? माझं नाक हाय तवर तुझं हाय!" पदर सावरून तरातरा निघून गेल्या. ग्लास मात्र विसळायला घेऊन गेल्या.

हे वाक्य नोकरीत मला कुणी ऐकवलं नाही. लग्नातही नाही.

२० जुलै, रविवार

अक्कांना सांगितलं, शब्द दिलाय, तो मोडणार नाही. नाक आलं नाही तर बाटली जाईल. त्या म्हणाल्या, श्रावण शुक्रवारी लागतो, म्हणजे गुरुवारी शेवटचं बसू. धुरकट काढ.

२४ जुलै, गुरुवार

चारला बसलो. अक्कांनी पुष्कळ सांगितलं, मला काही आलं नाही. त्या ग्लास घेऊन मोरीकडे गेल्या आणि वैभव दारात उभा! हातात हेल्मेट, फाटकाशी मित्र हॉर्न वाजवतायत. मी कपाट उघडून पंचवीस वर्षांची काढली. शब्द म्हणजे शब्द.

अक्का धावत आल्या आणि मधे पडल्या. "देऊ नगंस, गिरिजा!" अगदी माझ्या तोंडाशी येऊन. मड्डम नाही, गिरिजा.

आणि आला. झोतासारखा आला! विलायची. तिच्याखाली धूर, समुद्र, औषधाची बाटली – माझी बारा वर्षांची, सबंध, अक्कांच्या श्वासातून.

बाटली छातीशी धरली. "नाक आलं माझं!"

"कशावरून?" वैभव म्हणाला. "उगं सांगू नको काकू. सांग, आता कशाचा वास यायलाय?"

अक्का जमिनीकडे बघत होत्या.

"विभूतीचा," मी म्हणाले.