निळे क्रेट आणि गेटचा नियम

२ फेब्रुवारी, सोमवार
शिसारी आली या कंपनीची. चाकणला ब्रॅकेट बनवतो, पण रिकामे क्रेट सांभाळता येत नाहीत. निळ्या क्रेटमधून माल गिऱ्हाइकाकडे जातो, रिकामे क्रेट परत यायला हवेत. कमी येतात. चोर आहेत सगळे. प्लँटहेड सर्वांसमोर म्हणाले, हरिहर, डिस्पॅच तुमचं, क्रेटचा घोळ मिटवा, मग तुमच्या मॅनेजरपदाचं बघू.
मिटवतोच.

३ फेब्रुवारी
अबोली बीएस्सीचा अभ्यास ओरडून करते. कान किटले. पण आज एक कामाचं ऐकलं. पानाच्या पेशीत हरितलवक असतं, त्याच्या आवरणात एक वाहक प्रथिन. फॉस्फेट जोडलेली साखर ते बाहेर सोडतं, पण बदल्यात एक सुटं फॉस्फेट आत आलं तरच. वशिला नाही, चहापाणी नाही. पालकाच्या पानाला कळतं ते आमच्या गेटला कळत नाही!
कार्टी म्हणाली, बाबा, फॉस्फेट आलं नाही तर साखर आतच अडकते, तिचा स्टार्च साचतो. म्हटलं, पुढचं पुढे.

५ फेब्रुवारी
नियम लागू. गेटवर बोर्ड: ट्रकभर रिकामे आत, तरच ट्रकभर माल बाहेर. वॉचमन सोपानराव म्हणाले, आन् योक कमी आला तर वो? म्हटलं, ट्रक हलणार नाही. क्रेट पूर्ण रिकामा हवा, हेही बजावलं. हे लोक त्यात कचरा भरून आणतात. किळस येते.

८ फेब्रुवारी, रविवार
बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही. कांदे, कढीपत्ता, जुनी भांडी, सगळं निळ्या क्रेटमध्ये. अधूनमधून मीच एखादा आणलाय. बायको अरुंधती म्हणते, अजून एक आणा. हाव किती! अर्थात हे क्रेट वेगळे. जुने. चोरी वेगळी, वापर वेगळा.

१० फेब्रुवारी
सात क्रेट कमी. ट्रक थांबवला. गिऱ्हाईक म्हणतं, आले तेवढे सगळे परत पाठवले, फोटो आहेत. खोटारडे. ब्रॅकेट प्रेसपर्यंत साचलेत, चालायला वाट नाही. घरी सांगितलं तर अबोली म्हणाली, झाला स्टार्च. पोटची पोर, पण बोलायची पद्धत नाही.

११ फेब्रुवारी
माल गेला नाही तर गिऱ्हाइकाची लाइन संध्याकाळी बंद. प्लँटहेड म्हणाले, नियम तुमचा, क्रेट तुम्ही आणा, नाहीतर मॅनेजरपद विसरा. मी स्टाफला झाडलं. कंपनीची वस्तू घरी नेताना लाज वाटत नाही? सगळे माझ्याकडेच बघत राहिले. निर्लज्ज. मग ड्रायव्हर नवनाथ म्हणाला, राव, थेरगावातनं जाताना तुमची बाल्कनी दिसती की. सातच हायेत, मोजलेत मी.
घरी फोन केला. अरुंधतीने टेम्पोने पाठवले. सोपानरावांनी गेटवर अडवले. म्हणाले, रिकामं न्हाईत साहेब, साखर हाय आत. रिकामं भांडं परत करू नये म्हणून बाईसाहेबांनी प्रत्येकात मूठमूठ साखर घातली होती. सोपानरावांनी बोर्डाकडे बोट केलं.
सगळ्या शिफ्टसमोर उकिडवा बसून सात क्रेट झटकले. मुंग्या बाहीत शिरल्या.

१२ फेब्रुवारी
ट्रक वेळेत पोचला म्हणे. बोर्ड काढला. प्लँटहेडनी एवढंच विचारलं, घरून अजून काही यायचंय का?
मॅनेजरपदाचं मीच विचारलं नाही. कढीपत्ता अंघोळीच्या बादलीत लावलाय. आज अंघोळ राहिली.