सरक जरा

सोमवार, ३ जून
शाळा सुरू. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं. नववीच्या ऐच्छिक विषयांत कॉम्प्युटर सायन्सला निदान दहा मुली हव्यात, नाहीतर मुलींचे तास भूगोलाला देणार, म्हणाल्या. गेल्या वर्षी एक होती, तीही सहामाहीनंतर गळाली. (वडिलांची बदली झाली असावी.) फॉर्म भरायचे २८ तारखेला, तोवर सगळ्यांना लॅबचे तास. मी म्हटलं, दहा काय, वीस आणतो.
संकल्प : प्रत्येक मुलीकडे जातीने लक्ष देणे. पहिलं नाव घरातलंच, कन्या यंदा नववीत. म्हणजे नऊच उरल्या.

बुधवार, ५ जून
लॅबमध्ये मुलींचा पहिला तास. अकरा मशीन, म्हणून अकरा मुलींची तुकडी. दोन वेण्यावालीचा प्रोग्रॅम अडला. ती स्क्रीनकडे बघत बसली होती. म्हटलं, सरक जरा. अर्ध्या मिनिटात करून दिला. मग शेजारचीचा. मग तिच्या शेजारचीचा. तासाअखेर अकराच्या अकरा प्रोग्रॅम बिनचूक! पाठ दुखतेय, पण समाधान आहे.
नंतर मुलांचा तास. त्यांना सांगितलं, स्वतःचं डोकं चालवा, मी काही करून देणार नाही. नुसता गोंधळ. मुली किती शांत.

शुक्रवार, ७ जून
जिन्यात मुली कुजबुजत होत्या, 'सर्कस आले, सर्कस आले.' शहरात सर्कस आल्याचं ऐकिवात नाही. शिवाय सर्कस स्त्रीलिंगी, 'आली' पाहिजे. मराठीच्या सरांच्या कानावर घालणे.

रविवार, ९ जून
आज अभिमानाने ऊर भरून आला. कन्येने माझ्या नकळत प्रोग्रॅम लिहिलाय! सौ. हॉस्पिटलात नर्स, ड्यूट्या सारख्या फिरत्या. तारीख टाकली की आई कुठे आहे ते सांगतो. 'आई घरी आहे.' 'आई ड्यूटीवर आहे, कुकर तू लाव.' 'आई झोपली आहे, हळू बोला.' तीन आठवडे खपत होती म्हणे.
कल्पना चांगली, पण चाळीस ओळी! मी बारा ओळींत बसवला. वाक्यांऐवजी हिरवा आणि लाल रंग. उपलब्ध, उपलब्ध नाही. त्याच नावाने सेव्ह केला, दोन-दोन फायलींचा घोळ नको. उद्या सरप्राइज.

सोमवार, १० जून
दाखवला. छान आहे, म्हणाली. जुना कुठे आहे, म्हणाली. म्हटलं, अगं, जुना कशाला हवा आता? उठून आत गेली. भारावली असावी.

शुक्रवार, १४ जून
मुलींसमोर चाळीस मिनिटं भाषण केलं : 'तुमचं भविष्य तुमच्या बोटांत.' टाळ्या. शंका विचारा म्हटल्यावर दोन वेण्यावालीने विचारलं, सर, आज मी स्वतः टाइप करू का? म्हटलं, जरूर, घंटा व्हायला दोनच मिनिटं आहेत, सरक, मी भरभर सांगतो. सांगता सांगता मीच केलं.
अंदाज : पंधरा नावं.

गुरुवार, २० जून
कन्या दहा दिवसांत कॉम्प्युटरपाशी फिरकलेली नाही. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून पुस्तक वाचत पडते. सौ. म्हणाली, तुम्ही तिचं काहीतरी घेतलंत. मी काहीच घेतलेलं नाही, उलट दिलंय. वाढीचं वय असतं. फॉर्मवर नाव आलं की खुलेल.
फॉर्ममध्ये मी एक रकाना वाढवलाय : 'हा विषय न निवडण्याचे कारण.' शास्त्रीय माहिती मिळेल.

शुक्रवार, २८ जून
एकही नाही.
पुन्हा मोजले. एकही नाही. सगळ्या भूगोलाला.
सात जणींचं कारण एकच : 'माऊस मिळत नाही.' हे धादांत खोटं. अकरा मशीनना अकरा माऊस, मी स्वतः मोजलेत. लॅब झाडणाऱ्या मावशींना साक्षीला बोलावलं. त्या केरसुणी टेकवून म्हणाल्या, सर, माऊस आहेत हो, पण ते तुमच्या हातात असतात. पोरी तुम्हाला काय म्हणतात ते ठाऊक नाही का? मी म्हटलं, सर्कस? मावशी म्हणाल्या, सर्कस नाही, 'सरक सर'.
स्टाफरूममध्ये न जाता लॅबमध्येच बसलो.
शेवटचा फॉर्म कन्येचा. विषय, भूगोल. कारण, 'घरात बाबांना येतं.'
आधी वाचून बरं वाटलं. मग वाटेना. रकाना मीच वाढवला होता. हात दाखवून अवलक्षण.

शनिवार, २९ जून
सकाळपासून तिचा जुना प्रोग्रॅम शोधतोय. नाही. मुलांना वर्षानुवर्षं सांगतो, बॅकअप ठेवा, बॅकअप ठेवा. आठवून परत लिहायला बसलो. 'आई झोपली आहे, हळू बोला' आठवलं. कुकरचंही आठवलं. पण तिने ते चाळीस ओळींत कसं केलं होतं, ते काही जमलं नाही. मला बाराच सुचतात.
रडू आलं. आपलीच रोजनिशी आहे, लिहायला हरकत नाही.
संकल्प : यापुढे हात मागे. विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

रविवार, ३० जून. दुपार
कन्येच्या टेबलावर कागद. आईच्या ड्यूट्या, पेन्सिलीने, रेघा आखून. खाली चिमुकल्या अक्षरात, 'हळू बोला.' म्हणजे मनातून गेलेलं नाही! फार आनंद झाला. कौतुकाने बराच वेळ बघत राहिलो.
आजच्या रकान्यात 'रात्रपाळी' लिहिलंय. माझ्या बारा ओळींनुसार आज सुट्टी. बिचारी चुकली. तेवढं दुरुस्त करून ठेवलं. एवढंच.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६
सौ. युनिफॉर्म घालून निघाली. मी म्हटलं, आज सुट्टी ना? म्हणाली, मैत्रिणीशी बदलून घेतली, गुरुवारीच सांगितलं. मी म्हटलं, मला नाही. म्हणाली, सांगायला लागले होते, वाक्य तुम्हीच पुरं केलंत. पोरीने ऐकलं.
कन्या आईला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलीय. परत येईपर्यंत दहा मिनिटं.
खोडरबर सापडला. माझं 'सुट्टी' खोडून बघितलं. कागद फाटायला आला. जात नाहीये. पेनाने लिहिलं होतं.