काळतोंडीच्या रक्ताविषयी दुरुस्ती

नाशिक, गुरुवार, २ जून १९८३

तीर्थरूप चिमणाआत्यांना विशाखाचा सविनय जयभीम. तुमचे गुडघे कसे आहेत? (वाळूदादा, हे मोठ्याने आणि शेवटपर्यंत वाच. मध्ये हसत थांबू नकोस.)

आधी दुरुस्ती. ‘मला मेंढीचं रक्त द्यायचं आहे’ असं मागच्या पत्रात लिहिलं, ते चूक. वाळूदादाने बरोबरच वाचलं, लिहिणारी मी चुकले. माझं रक्त मेंढीच्या रक्ताशी ताडून पाहायचं होतं, तेही काचेच्या नळीत. पण पोरीच्या अंगात कुठल्या कुठल्या मेंढीचं रक्त नको, घरचीच असू दे, म्हणून तुम्ही विंचूरहून कांद्याच्या ट्रकमधून तुमची काळतोंडी पाठवलीत. आबांनी तिला द्वारका नाक्यावर उतरवून घेतलं आणि थेट रक्त तपासणीच्या दारात नेऊन उभं केलं. तिथले निवृत्तीराव चष्मा काढून म्हणाले, “पुंजारामभाऊ, आम्हाला चमचाभर लागतं हो!” आबा म्हणाले, “मग चमचाभरच घ्या, पण हिचंच घ्या. माझ्या बहिणीने पाठवलीय.” घेतलं की त्यांनी! त्यांच्याकडे मेंढीचं रक्त आठवडाभर आलंच नव्हतं.

आता माझा गुन्हा. तीन आठवडे ताप होता, घसा सुजलेला, मानेला गाठी. पहिला कागद आला त्यात पांढऱ्या पेशी पंधरा हजार. छापील हद्द अकरा हजारांची, आणि खाली शेरा, काही पेशी वेगळ्याच दिसतात. चाळीतली विजेची बिलं आणि कोर्टाच्या नोटिसा सगळे माझ्याकडूनच वाचून घेतात, तेव्हा हाही कागद मीच वाचला आणि ब्लड कॅन्सर ठरवून मोकळी झाले. आईला साधा ताप सांगितला. सुरगाण्याकडच्या शाळेची नेमणूक नको, यादीतल्या पुढच्या मुलीला द्या, असा अर्ज लिहून पिशवीत ठेवला. (वर्ग अर्ध्यावर सोडून मरणं मला बरं वाटेना.)

काल दुसरा कागद आला. आपल्या रक्तातलं पाणी दुप्पट, चौपट असं पातळ करत नेतात आणि त्यात मेंढीच्या पेशींच्या गुठळ्या होतात का ते बघतात. छप्पन्न पटीपर्यंत झाल्या तर विशेष नाही. माझ्या चारशे अठ्ठेचाळीस पटीला झाल्या! या वेळी मात्र मी नुसता आकडा वाचला, अर्थ डॉक्टरीणबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, “ग्लँड्युलर फीव्हर. आपला आपण जातो. पांढऱ्या पेशी त्याच्याशी भांडतायत, म्हणून वाढल्यात नि वेड्यावाकड्या दिसतायत. कॅन्सर कोणी सांगितला?”

“मीच,” म्हटलं.

घरी येऊन अर्ज फाडायला पिशवी उघडली, तर आत लिफाफ्याचा एक ओला कोपरा, बाकी सगळा खाल्लेला. ओट्यावर टांगलेल्या त्या पिशवीखालीच काळतोंडी तीन दिवस बांधलेली! आत्या, तुमच्या मेंढीने माझी नोकरी वाचवली, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. आबा तर चाळभर सांगत फिरतायत की पोरीला चारशे अठ्ठेचाळीस मिळाले. शेजारच्या भिमाकाकूंनी विचारलं, “कितीपैकी?”

तुमची,
विशाखा

ता. क. गुडघ्यांची चौकशी वर उगाच केली नव्हती. माझी प्लीहा सुजली आहे, म्हणून दीड महिना हंडा उचलायचा नाही. शाळेच्या गावी पाणी विहिरीचं. आबा म्हणतात, आत्या सोबत राहणार असेल तरच पाठवीन, नाहीतर बस घरी. पाणी भरायला बाई मिळेल. तुम्ही फक्त आबांच्या समाधानासाठी दारात बसायचं. याल ना?

ता. क. दुसरा. जीपमध्ये पुढची जागा मिळाली तर जायला डॉक्टरीणबाईंची हरकत नाही, हे तीनदा विचारून घेतलं आहे. काळतोंडीला घेऊन येत्या रविवारी, पाच तारखेला, मी तुमच्याकडे येते. तेव्हा काय ते सांगा. (वाळूदादा, पुढची ओळ हळू वाच, आबांना अजून माहीत नाही.) तुम्ही हो म्हणा की नाही, मी सोमवारी, तेरा जूनला, शाळेत हजर होणार.